युटाचे पाच पार्क, तंबू, दोन मुलं आणि आईबाबा : आठ रात्रींत जमेल का?

वाळूघड्याळ

जूनचा शेवटचा आठवडा. लास व्हेगासहून निघून झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅनियनलँड्स आणि परत व्हेगास. माणसं सहा : आम्ही दोघं, मुलं ६ आणि १० वर्षांची, आईबाबा सत्तरीचे. भाड्याची सात सीटर एसयूव्ही. रात्री अशा : झायन २, ब्राइस २, कॅपिटल रीफ १, मोआब (आर्चेस आणि कॅनियनलँड्सजवळचं गाव) ३. सगळ्या तंबूत.

तीन प्रश्न आहेत. आराखडा फार कोंबलाय का? जेवण रोज शिजवावं की डबाबंद न्यावं? आईबाबांना काय काय झेपेल? "गूगल कर" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

मोजूनमापून

आधी मैल. व्हेगास ते झायन १६० च्या आसपास, झायन ते ब्राइस ८५, ब्राइसहून हायवे १२ ने कॅपिटल रीफ १२०, तिथून मोआब १४५ आणि मोआबहून व्हेगास एकदम ४६०. पहिले चार टप्पे मुलांना झेपतात. शेवटचा म्हणजे थांबे धरून नऊ तास. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका.

नेवाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जातं. व्हेगासहून दहाला निघून "एकला पोचू" म्हणाल तर तिथे दोन वाजलेले असतील, आणि झायनच्या व्हिजिटर सेंटरचं पार्किंग उन्हाळ्यात सकाळी आठ-नऊलाच भरतं.

आणि गाडी. सात सीटर एसयूव्हीची तिसरी रांग उघडली की मागे दोन पिशव्या मावतात, बस्स. सहा माणसांचे तंबू, स्लीपिंग बॅगा आणि कूलर कुठे ठेवणार? भाड्याच्या गाडीला टपावर आडवे बार सहसा नसतात, म्हणजे पेटीही बसत नाही. मिनिव्हॅन घ्या. तिच्या तिसऱ्या रांगेमागे खोल खड्डा असतो, त्यात निम्मं सामान जातं.

निवडुंग

मुळात जून का? मोआबला जूनअखेर दुपारी ३८ च्या पुढे जातं आणि तंबूच्या आत त्याहून वर. सप्टेंबर-ऑक्टोबर हा खरा मोसम.

वाळूघड्याळ

@निवडुंग शाळा हो. आणि आईबाबांचं परतीचं तिकीट जुलैचं आहे.

आडवाट

जून वाईट नाही, रात्री चुकीच्या जागी लावल्यात. या भागात मुक्काम मैलांवरून ठरवायचा नसतो, उंचीवरून ठरवायचा. दर हजार फुटांना साधारण दोन ते तीन अंश सेल्सियस उतरतात. आता तुमचे मुक्काम बघा : झायनचं वॉचमन कॅम्पग्राउंड ४,००० फूट, ब्राइस ८,०००, कॅपिटल रीफचं फ्रूटा ५,५००, मोआब पुन्हा ४,०००. म्हणजे आठातल्या पाच रात्री तव्यावर आणि दोनच माळ्यावर. उन्हाळ्यात वर झोपायचं, दिवसा खाली उतरायचं. ऑक्टोबरात उलट.

वर झोपायच्या जागा सगळ्या पार्कच्या आतच असतात असं नाही. कॅपिटल रीफच्या दक्षिणेला हायवे १२ बोल्डर माउंटनवर ९,६०० फुटांपर्यंत चढतो. त्या चढावर सिंगलट्री, प्लेझंट क्रीक, ओक क्रीक ही फॉरेस्ट खात्याची कॅम्पग्राउंड आहेत, पाइन आणि ॲस्पेनच्या सावलीत. मोआबच्या मागे ला साल डोंगरात वॉर्नर लेक आहे, ९,००० फुटांच्या वर. शेवटचा रस्ता कच्चा आणि मोआबहून जवळपास तासभर, पण जूनच्या रात्री तिथे जाकीट लागतं. आणि ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी ब्राइसला कुडकुडण्यापेक्षा कोडाक्रोम बेसिन स्टेट पार्कला राहावं : ५,८०० फूट, गरम पाण्याची आंघोळ, ब्राइसपासून पाऊण तास.

निवडुंग

हे पटलं. पण मोआबहून रोज तासभर घाट चढून झोपायला जायचं, तेही सत्तरीच्या माणसांना घेऊन? त्यापेक्षा मोआबला सरळ मोटेल घ्या. एसी, आंघोळ आणि सहा दिवसांच्या मातीचे कपडे धुणं, तिन्ही कामं होतात. सगळ्या रात्री तंबूतच काढल्या तर कोणी पदक देत नाही.

दगडफूल

पदक मिळतं की. ज्युनियर रेंजरचं. व्हिजिटर सेंटरमधून पुस्तिका घ्यायची, वयाप्रमाणे पानं सोडवायची, रेंजरसमोर शपथ घ्यायची, बिल्ला मिळतो. पाच पार्क म्हणजे पाच बिल्ले. सहा वर्षांच्या मुलाला "अजून अर्धा मैल" चालवायचं दुसरं काही साधन माझ्या माहितीत नाही. पुस्तिका पार्कात शिरल्याबरोबर घ्या; निघताना घेतली तर वेळ पुरत नाही आणि मागच्या सीटवर रडारड होते.

तिसरीशिट्टी

जेवणाबद्दल कोणी बोलेना, म्हणून.

८,००० फुटांवर पाणी ९२ अंशांना उकळतं. उकळतं म्हणजे भांडं खदखदत असतं, पण आतली तूरडाळ तासाभरानंतरही कणीदार. राजमा-छोले उघड्या भांड्यात शिजवायचा विचारही नको. तीन लिटरचा कुकर न्या. कुकरमधलं तापमानही समुद्रसपाटीपेक्षा तीन-चार अंश कमी राहतं, म्हणून वेळ वाढवा : २,००० फुटांच्या वर दर हजार फुटांना पाच टक्के, म्हणजे ब्राइसला जवळपास तीस टक्के. घरी दहा मिनिटं लागत असतील तर तिथे तेरा. डाळ सकाळी डब्यात भिजत घालून गाडीतच ठेवली तर संध्याकाळी हा हिशोबही लागत नाही.

दुसरं म्हणजे शेगडी. इंडियन स्टोअरमध्ये मिळते ती एका बर्नरची, आडव्या डब्यावर चालणारी शेगडी घेऊन ब्राइसला जाऊ नका. त्या डब्यात ब्युटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं सोडतो. पहाटे तीन-चार अंश असतील, तर पाच मिनिटं जळल्यावर डबा स्वतःच गार होतो, ज्योत निळ्या ठिपक्याएवढी उरते आणि चहा कोमट. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायूरूपात राहतो, त्यामुळे हिरव्या सिलिंडरची दोन बर्नरची शेगडी. एका पौंडाच्या सिलिंडरवर एक बर्नर पूर्ण आचेवर साधारण दोन तास चालतो. सहा जणांना दोन वेळचा चहा, नाश्ता आणि एक कुकर धरला तर दीड-दोन दिवसाला एक. आठ रात्रींना पाच न्या, एक जादा. विमानात भरलेला किंवा वापरलेला कुठलाच सिलिंडर चालत नाही, व्हेगासला उतरल्यावर घ्या. रिकामे कचऱ्यात टाकायचे नाहीत, जमा करायची वेगळी पेटी शोधा.

वारा आडवा आला तर गॅस दुप्पट जातो. शेगडीची झाकणं तिन्ही बाजूंनी उभी करा आणि पाठ वाऱ्याकडे. पण तंबूत किंवा तंबूच्या पडवीत पेटवू नका, पाऊस आला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हळदुलं

तीन शिट्ट्या झाल्या की शेजारच्या साइटवरचा अमेरिकन पळत येतो, बॉम्ब आहे का बघायला.

तिसरीशिट्टी

@हळदुलं येऊ दे, वरणभात दे. पण रात्री दहानंतर शांतता असते, हे खरंच लक्षात ठेवा. जूनअखेर सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्त बघून परत आलात की पहिली शिट्टी बरोबर दहाला वाजते. त्या दिवशी दुपारीच शिजवून ठेवा किंवा दहीपोह्यांवर भागवा.

कोकमसरबत

यादीत भर. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, दाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या पहिल्या दोन दिवसांना. कांदा-बटाटा सोडून ताजी भाजी ब्राइसच्या पुढे मिळेलच असं धरू नका. सेंट जॉर्जला मोठी दुकानं आहेत, तिथे भरून घ्या. कूलरला सुटा बर्फ दीड दिवस पुरतो. दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये घरीच पाणी गोठवून नेता आलं तर तीन दिवस, आणि वितळलं की तेच प्यायला.

भांडी धुतलेलं पाणी झाडाखाली ओतायचं नाही, ते सार्वजनिक सिंकमध्येच. त्यात भाताची शितं गेली तर सिंक तुंबतो आणि खारी-उंदीर येतात. आधी टिश्यूने ताटं पुसा, मग धुवा. उष्टं ताट रात्रभर बाहेर ठेवलं तर कावळे सकाळी तुमच्या आधी उठलेले असतात. आपल्या कावळ्याच्या दीडपट, आणि पिशवीची झिप उघडतात.

आडवाट

पाण्याचं आताच सांगतो, नंतर राहून जातं. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. सहा जणांना दिवसाला साडेबावीस लिटर, शिजवणं-धुणं वेगळं. आयलंड इन द स्काय म्हणजे कॅनियनलँड्सचा वरचा पठारी भाग, तिथल्या विलो फ्लॅट कॅम्पग्राउंडवर पाणीच नाही, साइटही बाराच, आणि आधी बुकिंग होत नाही. डेड हॉर्स पॉइंटला पाणी ट्रकने वर आणतात, म्हणून तिथे कॅन भरायची अपेक्षा ठेवू नये. मोआबमध्येच भरा. सात गॅलनचा एक मोठा निळा कॅन नको, भरला की २७ किलो होतो आणि ओतताना अर्धा सांडतो. अडीच-तीन गॅलनचे तीन बरे.

सह्यभटका

सह्याद्रीत वाढलेल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. आपल्याला पावसात ट्रेक करायची सवय, धबधब्याखाली उभं राहायची सवय. इथे ती सवय जिवावर बेतते. सांदण दरीत पावसाळ्यात उतरत नाहीत, ते जसं ठाऊक असतं तसंच इथे. फरक एवढाच की सांदणला आभाळ आपल्याच डोक्यावर भरलेलं दिसतं. इथे पाऊस वीस मैलांवर पडतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं. उघडा खडक आणि करपलेली माती पाणी पीत नाहीत, सगळं एका घळीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक असेच गेले. १४ सप्टेंबर २०१५ ला झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात.

मान्सून साधारण जुलैत सुरू होतो, जूनअखेर धोका कमी. तरी झायनच्या व्हिजिटर सेंटरला रोजचा अंदाज लावलेला असतो, चार पायऱ्यांचा : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. मुलं-म्हातारी बरोबर असतील तर "शक्य" दिसल्याबरोबर नॅरोज (झायनची अरुंद घळ, नदीच्या पाण्यातूनच चालायची) रद्द, चर्चा नको. आत असताना स्वच्छ पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या किंवा घरघर ऐकू आली तर सामान सोडून उंचावर चढायचं. आलो त्या वाटेने पळत सुटायचं नाही.

आणि बूट. बसाल्टवर शेवाळ नसेल तर आपण पाय टाकतो तसा इथेही वालुकाश्म कोरडा असताना मस्त धरतो. पण त्यावर वाळूचा पातळ थर असेल तर तो बॉल बेअरिंगसारखा पाय नेतो, उतारावर विशेष.

निवडुंग

@सह्यभटका सहमत, फक्त एक. नॅरोजचं पहिलं वळण बघायला पाण्यात उतरावंच लागतं असं नाही. रिव्हरसाइड वॉक जाऊन येऊन २.२ मैल, फरसबंदी, तिथेच नदी भेटते. मुलं काठावर पाय बुडवतील. डोकं बुडवू देऊ नका आणि ते पाणी पिऊ देऊ नका. व्हर्जिन नदीत २०२० पासून विषारी सायनोबॅक्टेरिया सापडतात. फिल्टरने ते विष जाईल यावर विसंबू नका.

मोजूनमापून

आईबाबांसाठी, पार्कवार.

झायन : पारूस ट्रेल, डांबरी, नदीकाठाने, थकलं की शटल पकडायची. मोसमात मुख्य कॅनियनमध्ये खासगी गाड्या जात नाहीत, शटल फुकट. वॉचमनला तंबू असेल तर शटलच्या थांब्यावर चालत जाता येतं, पार्किंगची डोकेदुखी नाही. त्या कॅम्पग्राउंडचा सगळ्यात मोठा फायदा हाच. एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या ट्रेलला २०२२ पासून परमिटची सोडत आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तो विषयच काढू नका.

ब्राइस : सनराइज ते सनसेट पॉइंट अर्धा मैल, जवळपास सपाट. उंचीमुळे पहिल्या दिवशी धाप लागते, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन एकाने क्वीन्स गार्डन-नवाहो फेरी करावी, तीन मैल. क्वीन्स गार्डनने उतरून नवाहोने चढा, उतरण सौम्य पडते.

आर्चेस : डेलिकेट आर्चचा मोठा ट्रेल तीन मैल, ४८० फूट चढ आणि सावलीचा एक तुकडा नाही. आईबाबांना खालच्या व्ह्यूपॉइंटवरून दाखवा, शंभर यार्डांवर आहे. डबल आर्च आणि विंडोज सगळ्यांना जमतं. मुलांना सँड ड्यून आर्च : दोन भिंतींच्या फटीत थंडगार वाळू, तासभर हलत नाहीत.

कोकमसरबत

कॅपिटल रीफ राहिलं! तिथे एकच रात्र ठेवलीत, त्याचं वाईट वाटलं. फ्रूटाला पार्काच्या मालकीच्या फळबागा आहेत, जुन्या मॉर्मन वस्तीच्या. जूनअखेर चेरी संपत आलेली असते आणि जर्दाळू सुरू होतो. बागेत बसून खा, फुकट. घरी न्यायचं तर काट्यावर वजन करून पैसे पेटीत टाका, शिडी तिथेच ठेवलेली असते. आधी पाटी बघा, तोडणीला खुल्या असलेल्या बागेतच शिरायचं. उशिराची थंडी पडली तर त्या वर्षी झाडं रिकामी असतात. तिथल्या गिफर्ड हाउसमधला फळांचा 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) मात्र सकाळी लवकर घ्या, दुपारपर्यंत फळी रिकामी होते.

चकली_बिघडली

गाडीत सहा माणसं आणि आठ दिवस, कोणी उलटीचं औषध लिहिलंच नाही. हायवे १२ वर हॉग्जबॅक म्हणून पट्टा आहे, रस्ता डोंगराच्या धारेवर, दोन्ही बाजूंना काहीच नाही. ज्यांना घाट लागतो त्यांनी तिथे फोनकडे बघू नये. चालवणाऱ्यानेही.

आडवाट

आणि तो पट्टा अंधारात चालवू नये, धारेसाठी नव्हे तर गाईंसाठी. मोकळी चराई आहे, काळी गाय काळ्या डांबरावर बसलेली असते.

कच्च्या रस्त्यांचंही ऐका. कॉटनवुड कॅनियन रोड, होल इन द रॉक रोड नकाशात जवळचे दिसतात. त्यांच्यात बेन्टोनाइट माती आहे. ओली झाली की लोण्यासारखी, चार चाकं फिरवणारी गाडीही जागेवर घसरते. शिवाय भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वगळलेला असतो, ओढून आणायचा खर्च तुमचा. वॉर्नर लेकलाही हेच लागू, करार वाचा.

निवडुंग

म्हणजे मोटेल. मी आधीच म्हटलं होतं.

आडवाट

@निवडुंग बरं बाबा, मोटेल. भाड्याच्या गाडीचा मुद्दा मी विसरलो होतो.

दगडफूल

जरा अवांतर. ब्राइस कॅनियन हा कॅनियन नाहीच. कॅनियन नदी कोरते. ब्राइसला पठाराची कड झिजून अर्धगोल कोनाडे झालेत. वर्षातल्या शे-दोनशे रात्री भेगांतलं पाणी गोठतं, दिवसा वितळतं, आणि खडकाला पाचर बसते. त्यातून ते हूडू, म्हणजे खडकाचे उंच सुळके, उभे राहतात. आर्चेसची गंमत निराळी : खाली मिठाचा जाड थर, तो दाबाने सरकला, फुगला, वरचा वालुकाश्म समांतर भेगांनी चिरला, त्या भिंतींना भोकं पडली. अजून पडतात आणि कोसळतात. वॉल आर्च २००८ मध्ये रात्रीत पडली.

वाटेच्या कडेला काळी, खडबडीत, करपलेल्या सायीसारखी माती दिसेल. तिच्यावर पाय नको. ती जिवंत आहे : सायनोबॅक्टेरियाच्या धाग्यांनी वाळूचे कण शिवून ठेवलेत. बुटाचा एक ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मुलांना "लाव्हा आहे, पाय लावला तर आऊट" सांगितलं की काम होतं.

हळदुलं

सायनोबॅक्टेरिया पाण्यात वाईट, मातीत चांगले. नातेवाइकांसारखं आहे.

मोजूनमापून

पासचं राहिलं. १ जानेवारी २०२६ पासून दर बदललेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरून आलेल्यांना २५०. आणि पास नसेल तर झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन धरून अकरा पार्कांत परदेशी पाहुण्यांना १६ वर्षांवर माणशी १०० डॉलर जादा. आर्चेस, कॅनियनलँड्स, कॅपिटल रीफ त्या यादीत नाहीत. आईबाबा भारतातून आलेत, म्हणून हे आधी वाचून घ्या, आणि पासवाल्याने फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं. मोठं अपत्य चौथीत असेल तर इथल्या रहिवाशांना मुलाच्या नावाने वर्षाचा फुकट पास मिळतो. तो आधी ऑनलाइन काढून ठेवा. डेड हॉर्स पॉइंट आणि कोडाक्रोम स्टेट पार्क आहेत, तिथे यातला कुठलाच पास चालत नाही.

बुकिंग : वॉचमन, फ्रूटा आणि आर्चेसचं डेव्हिल्स गार्डन, तिन्ही सहा महिने आधी, पूर्वेच्या वेळेने सकाळी दहाला उघडतात. कॅलिफोर्नियात असाल तर सातला. खातं आदल्या दिवशी उघडून ठेवा, साइटचे क्रमांक आधी निवडा. वॉचमनला वीज असलेली साइट घ्या आणि एक टेबल फॅन न्या. हसू नका, ४,००० फुटांवर जूनमध्ये रात्री बारापर्यंत तंबू गार होत नाही.

सह्यभटका

तंबूच्या खुंट्या! सोबत मिळतात त्या प्लास्टिकच्या किंवा तारेच्या खुंट्या तिथल्या भाजलेल्या जमिनीत वाकतात. दहा इंची लोखंडी खिळे आणि खरा हातोडा न्या. जिथे जमीन भुसभुशीत वाळूची असेल तिथे उलट प्रश्न, खुंटी धरतच नाही. पिशवीत वाळू भरून दोर तिला बांधा आणि पिशवी पुरा. दिवसभर बाहेर जाताना मोठा तंबू उभा सोडू नका. दुपारचा वारा खांब वाकवतो, तंबूचं कापड झुडपात सापडतं. खांब काढून आडवा पाडा, वर दोन दगड. आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचू.

चकली_बिघडली

जूनअखेर लाकडाची शेकोटी बहुधा बंद असते, वणव्याच्या भीतीने. मुलांना मार्शमेलोचं वचन देऊन बसू नका. चालू-बंदची कळ असलेली गॅस शेगडी साधारणपणे चालते. ग्रँड कॅनियनचा नॉर्थ रिम जोडू म्हणणारे कोणीतरी येईलच, त्यांना आधीच सांगते : तिथलं लॉज जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात जळालं.

वाळूघड्याळ

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा :

झायन २ (वॉचमन, वीज, फॅन). ब्राइस २ (नॉर्थ कॅम्पग्राउंड). कॅपिटल रीफ २, त्यातली एक फ्रूटाला जर्दाळूंसाठी आणि एक सिंगलट्रीला वर. मोआब २, मोटेल. आर्चेस पहाटे सहाला शिरून अकराला बाहेर, दुपार खोलीत, संध्याकाळी आयलंड इन द स्काय. मिनिव्हॅन. प्रोपेन. विमान दुसऱ्या दिवशीचं.

आडवाट

क्रम बदला. ब्राइसहून येताना सिंगलट्री आधी लागतं, फ्रूटा नंतर. उलट केलंत तर तोच घाट दोनदा, आणि @चकली_बिघडली यांचं औषध दुप्पट लागेल. परतीला मोआबहून निघताना ग्रीन रिव्हरला टाकी भरा. तिथून सलायनापर्यंत शंभराहून जास्त मैल पेट्रोल नाही, पाणी नाही, वस्तीही नाही.

तिसरीशिट्टी

ब्राइसच्या दोन रात्रींना स्लीपिंग बॅगवरचा आकडा "जगण्यापुरता" असतो, "झोपण्यापुरता" नव्हे. २० फॅरनहाइट लिहिलेली बॅग साधारण ३० पर्यंत उबदार. पहाटे ४० च्या आसपास असेल, म्हणजे ती चालेल. पण हवेची जाड गादी खाली घेऊ नका, आतली हवा जमिनीएवढी गार होते. आईबाबांना फोमची चटई खाली आणि गादी वर.

आणि कुकरची रिंग जादाची घ्या. तिथे कुठेही मिळत नाही.